हात वर

नवापूर स्टेशनातल्या एका बाकावरून
दोन राज्यांची हद्द जाते.
त्या बाकावर नंदुरबारच्या गाडीची वाट बघत
तेहतीस वर्षं मी तासाची तयारी केली:
तीन पोप, एकाच वेळी,
तिघांनी एकमेकांना शापित ठरवलेलं.
मुलं पेंगायची. एकदा एलियाजर वसावेनं विचारलं,
सर, मग बाप्तिस्मे कोणाचे खरे?
मी खडू शोधत राहिलो.

पंडितांचे मुद्दे मात्र फळ्यावर नीट मांडायचो.
एक म्हणे, डोक्यावाचून धड कसलं?
दुसरा म्हणे, डोकं सडलं म्हणून धडानं मरायचं का?
जे सगळ्यांना लागू, ते सगळ्यांनी ठरवावं.
हे वाक्य मला गोड लागायचं,
सुकलेल्या मोहाच्या फुलासारखं.

गेल्या जानेवारीत पाळकसाहेबांनी
देवळाची किल्ली कमरेला बांधली,
दानपेटीची वही घरी नेली,
म्हणाले, मला देवानं नेमलंय, तुम्ही नाही.
तेव्हा उठून मी तेच वाक्य बोललो.
चिंचेखाली सगळी मंडळी,
तुरीच्या शेंगा सोलता सोलता थांबलेल्या बायका.
हात वर झाले.
किल्ली टेबलावर आली, रुमालात गुंडाळून,
पोराच्या पडलेल्या दातासारखी.
त्या रात्री आनंदानं झोप नाही.

पुढच्याच महिन्यात शांतवन गावितनं विचारलं,
वही आता कुठंय?
शिंपी माणूस. तोंडात टाचण्या धरल्यासारखा
थांबत थांबत बोलतो.
कोणीतरी ओरडलं, फूट पाडतोय.
प्रभुभोजनातून वर्षभर बाहेर.
तीच चिंच, तेच हात.

एक गोष्ट मी दरवर्षी घाईत उरकायचो,
घंटा व्हायला आलेली असायची:
ज्या परिषदेनं पोपला खाली उतरवलं
तिनंच, पाच-सहा आठवड्यांत,
प्रागच्या एका मास्तराला जाळलं.
तो बोलू लागला की सगळे एकदम ओरडत.
परीक्षेत याला दोन गुण.

माझाही हात वर होता.
बायकोनं कोपराला धरून खाली ओढला
तेव्हा कळलं, मोजणी केव्हाच संपलीय.

शांतवन आता रविवारी स्टेशनावर बसतो.
काल त्याच्याशेजारी जाऊन बसलो.
हद्दीच्या कुठल्या बाजूला, पाहिलं नाही.
सुरतेकडची गाडी गेली. मालगाडी गेली.
मी काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला,
सर, उजव्या काखेत उसवलंय.
काढा कोट.