अधिक-उणे

वाचनालय साडेसातला बंद होतं,
माझी शिफ्ट सातला सुटते.
मधल्या अर्ध्या तासात उद्यमनगरातून सायकल हाणत
कटिंग ऑइलच्या वासासकट
मी विवेकाच्या कपाटापाशी पोचायचो.
कुंदाताई म्हणायच्या, "आधी हात धुवा, चौगुले.
मागच्या पुस्तकात पान बेचाळीसवर
तुमचा अंगठा आलाय."

पुस्तकांच्या पाठीवर लिहिलेलं असायचं :
हे वाचून तुमचे डोळे उघडतील.
हसू यायचं. लेथवर
डोळे मिटून कोण उभं राहतं?
तरी न्यायचो. एक, विश्व कसं सुरू झालं त्याचं.
एक, देव कुणी घडवला त्याचं.
एक जाडजूड,
आपल्याला कुणीकुणी कसं फसवलं त्याचं.

खोटं कशाला बोलू, गोड लागायचं.
गुऱ्हाळावरच्या काकवीसारखं,
एकदा बोट बुडवलं की थांबवत नाही.
चहाच्या गाड्यावर दस्तगीर म्हणाला,
"लगा, हल्ली तू बोलत नाहीस,
नुसतं सिद्ध करतोस."

मग पुतण्याला ताप चढला.
आईनं अंगारा आणला, कागदाच्या पुडीत.
मी भिंतीला टेकून वीस मिनिटं बोललो :
कारण, परिणाम, योगायोग,
तिसऱ्या प्रकरणातला तो प्रयोग.
तिनं पुडीची घडी घातली,
कनवटीला लावली,
"बरं," म्हणाली.
मी जिंकलो.

चार दिवसांनी वहिनी भांडी विसळताना बोलून गेली,
पहाटे साडेपाचला
आत्या सीपीआरच्या रांगेत उभ्या होत्या, केसपेपरसाठी.
पहिला डोस देऊन मग देवळात गेल्या.

मी विचारलंच नव्हतं.
विचारायला शिकवणारी एवढी पुस्तकं
उशाशी घेऊन झोपणारा मी.

दुसऱ्या दिवशी मशीनवर पंपाचा शाफ्ट होता.
ड्रॉइंगवर पंचवीस,
आणि पुढं बारीक अक्षरात अधिक-उणे,
शून्य पूर्णांक शून्य दोन.
बारा वर्षं हे चिन्ह बघतोय.
त्याच्याशिवाय माप म्हणजे बढाई,
असं नव्या पोरांना मीच सांगतो.
रात्री पुस्तकं पुन्हा चाळली, तेवढंच शोधत.
विश्वाच्या पुस्तकात सापडलं,
तळटिपांत, बऱ्याच जागी.
देवाच्या पुस्तकात लेखक एकदा
'कदाचित' म्हणाला होता
आणि पुढच्याच ओळीत सावरला होता.
फसवणुकीच्या जाड पुस्तकात, साडेचारशे पानांत,
एकही नाही.
तेच मी सगळ्यांत आधी संपवलं होतं.

नोव्हेंबरात आई म्हणाली, "किरण बघायला येतोस?"
गेलो. डोक्यात गणित घेऊनच गेलो,
सूर्य किती दक्षिणेला सरकलाय, महाद्वार किती उंच.
गरुड मंडपात रेटारेटी.
शेजारी एक पेन्शनर, बहुतेक सर्व्हेअर असावा,
हातात वही, मनगट डोळ्यांजवळ :
पाच चव्वेचाळीस, चरण.
पाच सेहेचाळीस, गुडघे.
मग ढग आडवा आला.
त्यानं लिहिलं, ढग.
वही काखेत धरली
आणि हात जोडले.
आधीचं आणि नंतरचं
एकाच माणसानं केलं,
मधे कुठं थांबलाही नाही.

बाहेर पडताना आई म्हणाली,
"कमरेपर्यंत तरी आलं."
"गुडघ्यापर्यंत," मी म्हणालो. जीभ सवयीची.
"असेल," ती म्हणाली,
"दोन बोटं इकडंतिकडं."

मी थांबलो. मागून कुणीतरी ढकललं.
जोत्याच्या दुकानापाशी धीर करून म्हटलं,
"आई, त्या दिवशी मी
काही अधिक-उणं बोललो असेन तर..."

"पुढं बघून चाल," ती म्हणाली.
"पायरी आहे."