खूणचिठ्ठी

नव्याण्णव टक्के भरलं, असं लाल अक्षरांत आलं
तेव्हा मी खंडेराव मार्केटात
सुरणाचा तुकडा हातावर तोलत होते.
आणखी एक टक्का, की आलेली पत्रं
दारातूनच परत जाणार.

संध्याकाळी ध्रुमिल आला, खालच्या झेरॉक्सवाल्याचा,
लीलो चेवडो खात, खुर्चीवर एक पाय दुमडून.
"मासी, महिन्याला थोडे पैसे भरा, हवी तेवढी जागा."
म्हटलं, पत्रं माझी, आणि भाडंही मीच द्यायचं?
"चालशे," तो हसला, "मग जोडण्या लावू."

ब्राउझरच्या कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं,
इतकी वर्षं मला ती नक्षी वाटायची.
त्यातून त्यानं काढली एक,
पाठवलेलं पत्र वीस सेकंद उंबऱ्यावर थांबवणारी
(माझ्या धाकट्या जावेला ही फार पूर्वी हवी होती).
दुसरी, उत्तर आलं नाही की तिसऱ्या दिवशी टोचणारी.
ती नको म्हटलं.
आणि एक, जी पत्राला चिकटलेलं ओझं सोलून
दुसऱ्या कपाटात नेऊन ठेवते
आणि त्या जागी सोडते फक्त एक ओळ.

"ओळ कसली?"
"वस्तू कुठे गेली, ते."

मी चष्मा पुसला.
अरे, एकतीस वर्षं कोठीच्या दफ्तरखान्यात
मी दुसरं काय केलं?
फाईल बाहेर गेली की तिच्या जागी खूणचिठ्ठी:
नंबर, तारीख, कुणी नेली, सही.
खारव्याच्या बस्त्यांत बोटं लाल व्हायची,
जेवणाच्या डब्याला डांबरगोळ्यांचा वास.
वाळिंबेसाहेब म्हणायचे,
"कागद हरवत नाही, कुमुदिनीबाई. चिठ्ठी हरवते."

मग पडद्यावर चौकट उघडली:
ही जोडणी तुमची सर्व पत्रं
वाचू शकेल, बदलू शकेल, पुसू शकेल.
खाली दोन बटणं.

आम्हाला झटकायची परवानगी होती.
उचलायची, बांधायची, उन्हात घालायची.
वाचायची नव्हती.
"मासी, वाचते म्हणजे तसं नाही. मशीन आहे. सगळ्यांचंच वाचते."
सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही,
असं त्याला म्हणायचं असावं.

त्याला काय सांगू,
की सत्त्याऐंशीच्या श्रावणात एक फाईल
मी डब्याच्या पिशवीतून घरी नेली होती.
वाडीतल्या एका घराचा वाद,
विधवेचा अंगठा, आणि खाली साक्षीदार:
दत्ताराम दिघे. समक्ष पाहिलं म्हणून सही.
अक्षर बाबांचंच, दि-ची वेलांटी तशीच लांब.
फक्त त्या तारखेला बाबा
आमच्याबरोबर चांदोदला होते, नर्मदेवर,
मोरूदादाच्या मुंजीला.
सकाळी फाईल गुपचूप जागेवर ठेवली.
रात्रभर रॅकमध्ये खाच होती
आणि खाचेत चिठ्ठी नव्हती.
कुणी विचारलं नाही. मीही नाही,
ना साहेबांना, ना बाबांना.

"दाबू?" ध्रुमिलनं विचारलं.
मी स्वतःच दाबलं. अनुमती.

जोडणी सगळ्यात जड ते आधी उचलते.
पहिलं निघालं मोरूदादाचं पत्र, गेल्या दिवाळीचं,
त्यानं घरचे जुने फोटो स्कॅन करून पाठवले होते:
घाटाच्या पायऱ्या, गोटा केलेला दादा,
माझा झालरीचा फ्रॉक,
आणि बाबा, हात मागे बांधून, कॅमेऱ्याकडे न बघता.
फोटोमागची तारीखही त्यानं वेगळी स्कॅन केली होती.
हौसेनं.

क्षणभर गोल फिरलं. मग त्या जागी एक ओळ,
निळी, अधोरेखित.

एकसष्ट टक्के.
"बघा, किती हलकं झालं," म्हणत ध्रुमिलनं
चेवड्याची पिशवी तळाशी झटकली नि गेला.

रात्री सुरण चिरला.
चिंचेच्या पाण्यानं हात दोनदा धुतले,
तरी खाजत राहिले, झोपेपर्यंत.