वकिलांना न विचारलेलं

साखर पेठेत, माडीवर, मेरगू वकील
पंख्याखाली उडणाऱ्या फायली कोपराने दाबत म्हणाले,
"उघडं आहे म्हणून ते तुझं होत नाही.
आता हवेतलं ते त्यांचंच कसं, हेही कुणी विचारेल.
कोर्टात गेलं तर बघू."
फी घेतली नाही. चहाचे पैसे मी दिले.

समोरच्या टॉवेल कारखान्याचं वायफाय.
पासवर्ड नाही.
गच्चीवर वाळणाऱ्या रंगीत सुतामधून
थेट माझ्या खोलीत.
मी शिकत होतो. एक प्रोग्रॅम लावला
की जाणारं-येणारं ओळीओळीने पडद्यावर उतरायचं.

ऑफिसातून प्रिंटरकडे निघालेलं एक पत्र.
अडवलं नाही मी. ते पोचलं, छापलं गेलं,
सही-शिक्का झाला असेल.
माझ्याकडे नुसती प्रत.
चोरीत वस्तू जायला लागते ना?

सोळा माग. भंगाराच्या भावाने. पुढच्या शुक्रवारी.

सोलापुरात माग ऐकूच येतात.
कुणाचे किती चालू, कुणाकडचं सूत संपलं,
गल्लीला झोपेतही कळतं,
पोलिसांत कोण जातं?
आणि बोगाबाई, माझ्यासमोर बसून
माझ्याच आईबद्दल तेलुगूत बोलायच्या, बिनधास्त,
मराठी पोरगं, याला काय कळतंय.
सगळं कळायचं.
मी गोट्या खेळत राहायचो.

तेव्हा कानावर पडायचं.
या वेळी मी कान लावला होता.

यादगिरीकाका त्याच मागांवर, बावीस वर्षं.
नव्या पेठेत फ्रीज बघून आलेत, हप्त्याने,
लाल की निळा, घरात वाद चाललाय.
सांगावं तर ऐकल्याची कबुली.
न सांगावं तर
हा भाग मी वकिलांना विचारलाच नव्हता.

आधी मालकांकडे गेलो. म्हटलं, पासवर्ड टाका, बाहेर दिसतं.
"काय दिसतं?"
"रेंज," मी म्हणालो.
त्यांनी लगेच टाकला. कारखान्याचं नाव, पुढे एक दोन तीन,
मलाच मोठ्याने विचारत, "स्पेलिंग बरोबर आहे ना?"

संध्याकाळी जिन्यात काका भेटले, हातात डबा.
"काका, फ्रीज इप्पुडु वद्दु."
एवढंच. आत्ता नको.
त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.
कुणी सांगितलं, हे विचारलं नाही.
समोर माग चालू होते.
काका ओठ हलवत मोजायला लागले.