दोन पावलं डावीकडे

गुरुवारी संध्याकाळी सहाला
वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो,
सारेमा बेटावरची सात हौशी माणसं.
बूट दाराशी, त्यांच्याभोवती वितळल्या बर्फाची तळी.
टेबलावर काळा पाव, धुरावलेला मासा
आणि पत्त्यांसारखे पालथे ठेवलेले फोटो.

नियम एकच, माइमूने घातलेला:
फोटो उलटला की एक मिनिट कुणी बोलायचं नाही.
माइमू शाळेत गणित शिकवायची.
तिचं मिनिट साठ सेकंदांचंच असतं.

मी फेरीबोटीच्या इंजिनावर एकतीस वर्षं काढली.
कानाने बिघाड ओळखायची सवय,
तीच पुढे डोळ्यांना लागली.
कुणाचाही फोटो समोर आला
की मी आधी गळती शोधतो.

जानेवारीत हेल्यूने तिचा फोटो उलटला.
तिची शेजारीण वाइके, अंगणात.
थंडीने फळीसारखा ताठ झालेला नवऱ्याचा सदरा
दोरीवरून काढून तिने कवेत घेतलेला,
जणू आता दोघं नाचणार.
मागे गोठलेला समुद्र, जरासा कललेला,
आणि वाइकेच्या बरोबर टाळूतून
वर गेलेला विजेचा खांब.

मिनिट संपायच्या आत मी म्हणालो,
"बाईंच्या डोक्यातून खांब उगवलाय.
आणि समुद्र उजवीकडून सांडतोय, बादली लावा कुणीतरी."
सगळे हसले. हेल्यूही हसली,
आणि वहीत लिहून घेतलं:
खांब. समुद्र. दोन पावलं डावीकडे.

फेब्रुवारीभर ती आली नाही.
गुडघा दुखतोय, असं माइमूला कळवलं होतं.
काय दुखत होतं ते मला ठाऊक होतं.
ठाऊक असून मी फोन केला नाही.

मार्च संपता संपता आली.
तीच शेजारीण, तोच सदरा, तीच दोरी,
दोन पावलं डावीकडून.
खांब गायब. समुद्र अगदी पाणसळीत.
"आता कसं!" आर्वो म्हणाला.

मी मिनिट संपल्यावरही गप्प.
बर्फ सरला होता. सदरा ओला, लुळा,
वाइकेच्या हातात तो नुसतं धुणं झाला होता,
आणि ती स्वतः
पासपोर्टच्या खिडकीपुढे उभं राहावं तशी.
एकही चूक नव्हती.
मी शोधली. खरंच शोधली.

"पहिला कुठंय?"
हेल्यूच्या पर्समध्येच होता, कोपरे दुमडलेले.
या वेळी पूर्ण मिनिट पाहिला, वर आणखी एक.
वाइकेचे डोळे हसून मिटलेले.
खालचा एक दात नाही.
खांबावरची तार थेट घरात शिरलेली,
खिडकीत दिवा.
हे सगळं जानेवारीतही होतं.
मी खांबापाशीच थांबलो होतो.

"हा चांगला आहे," मी म्हणालो. "मी चुकलो."
"पण खांब आहेच."
"आहे."
"समुद्र कललाय."
"कललाय."
"मग ठीक," म्हणत तिने माशाची बशी
माझ्याकडे सरकवली. "आता तुझा."

माझा फोटो: बोटीचं इंजिनघर.
एकेक पेच मोजता येईल इतका रेखीव.
मिनिट झालं. मग हेल्यू म्हणाली,
"पितळेवरचा उजेड फार सुंदर पकडलायस.
एक विचारू? इथे कुणी काम करत नाही का?"

मी लेन्सबद्दल बोलू लागलो,
जागा अरुंद, उजेड कमी, हादरे किती,
मग माझ्याच कानांना तो बिघाड ऐकू आला.
थांबलो. वही नव्हती.
वाचनालयाच्या पावतीमागे लिहिलं: माणूस.

शनिवारी कुइवास्तूच्या धक्क्यावर गेलो.
माझ्या जागी आता ताव्ही नावाचा पोरगा असतो,
गालाला ग्रीस, खिशात अर्धं सफरचंद.
कॅमेरा पाहून तो ताठ झाला, त्या सदऱ्यासारखा.
"हल जरा," म्हटलं, "काम कर तुझं."
तो वळला
आणि माझ्या चौकटीत त्याच्या खांद्यातून
एक पाइप उगवला.
मी डावीकडे सरकणारच होतो,
तेवढ्यात तो कशालातरी हसला.