मूठ

डॉक्टर कुंकळ्येकर दर तीन महिन्यांनी
आपली दोन बोटं माझ्या तळहातात ठेवून म्हणतात, दाबा.
मी दाबते.
ते फाइलमध्ये काहीतरी लिहितात.
नऊ वर्षांत माझ्या मुठीचा लेखी इतिहास एवढाच,
बाकीचा लोणच्याच्या बरण्यांना ठाऊक.

पावणेतीनला उठले, कारण सहाच्या शिट्टीची वर्दी
माझ्या सांध्यांना तीन तास आधी द्यावी लागते.
गरम पाण्याच्या बादलीत हात, मग पाय,
कोणी वाल भिजत घालावेत तसे.
अंगठा आधी कबूल झाला. करंगळी शेवटी, रुसून.
झिपला पडद्याची कडी बांधली होती,
ती बोटात अडकवून वर ओढली.
दंडावर एका पोरीनं मार्करनं २१७ लिहिलं,
बरोब्बर तिथेच, जिथे जाऊबाई दर रविवारी सुई टोचतात.
(आज रविवारच. सुई उद्यावर ढकललीय. विचारून.)

मिरामारचं पाणी अजून काळं.
पलीकडे आग्वादचा दिवा.
कायतान, ज्याचा जन्म रायबंदर-चोडण फेरीबोटीवर गेला,
पोहायला शिकवताना वैतागायचा:
मुठी कित्याक आवळटा? उदक मुठींत रावना.
म्हटलं, आवळत नाहीये रे, उघडतच नाहीत.
तो गप्प झाला. बिडी विझवली.
म्हणाला, जाल्यार तशेंच मार.

तसेच मारले हात, अर्धे मिटलेले,
एक हजार नऊशे मीटर,
तोंडात मांडवी आणि समुद्र आळीपाळीनं.
बाहेर आले तेव्हा माझ्यामागे फक्त अकरा टोप्या.

मग नव्वद किलोमीटर सायकल,
बांबोळीचा चढ तीन वेळा.
पहिल्यांदा मोजला, दुसऱ्यांदा शिव्या दिल्या,
तिसऱ्यांदा दोन्हींसाठी श्वास नव्हता.
लोक माझ्या आमवाताला लढाई म्हणतात.
मी कोणाशी लढत नव्हते.
एकाच सीटवर आम्ही दोघं,
तो जड, आणि उतरायला तयार नाही,
पेडल मात्र मीच मारायचं.

धावताना दोन खांब पळायचे, एक चालायचा.
कांपालच्या झाडांखाली बरं होतं,
दोना पावलाकडे ऊन नुसतं उभं.
सोळाव्या किलोमीटरला घोट्यात कुणीतरी
खुर्ची सरकवावी तसा आवाज.
तिथून पुढे एक खांब पळायचा, दोन चालायचे.
पाण्याच्या टेबलावरची माणसं आवराआवर करत होती,
एकीनं माझ्यासाठी मिठाचं कोकम
पुन्हा पिशवीतून बाहेर काढलं.

मुदत साडेआठ तासांची.
आठ तास बावीस मिनिटं.

गळ्यात पदक, हातात पाण्याची सीलबंद बाटली.
झाकण फिरवलं. फिरलं नाही.
पदकाच्या रिबिनीत धरून फिरवलं, मग दातांत.
एकशे तेरा किलोमीटर मागे पडले होते
आणि हे एवढंसं निळं प्लास्टिक.
एल्रॉय असा बिल्ला लावलेल्या पोरानं
न विचारता बाटली घेतली, उघडली, परत दिली
आणि समुद्राकडे बघत राहिला.
त्या बघत राहण्याला पदक द्यायला हवं होतं.
सुचलं नाही. पाणी प्यायले.

सोमवारी जिने उतरायला अकरा मिनिटं लागली.
पोदेराचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी पोचला होता,
तरी थांबला.
पिशवी नेहमीसारखी मनगटात अडकवलेली.
काल दिसूंक ना तूं?
मिरामारला गेले होते.
न्हावपाक?
हो, म्हटलं, न्हावपाक.

त्यानं सहा पाव टाकले, ऊनऊन.
पिशवी पोटाशी धरून,
बोटं पावांवर पसरून
मी तिथेच उभी राहिले,
त्याची सायकल वळणापलीकडे गेली तरी.