थेट

पत्र नाही, फोन नाही.
सकाळी पावणेसातला, दुकानापुढं पाणी मारताना
मोबाईलवर एक ओळ आली :
उन्हाळी वेळापत्रकात मंगळवार, गुरुवार, शनिवार
ही फेरी असणार नाही.
आणि ती फेरी होतीच मुळी
मंगळवार, गुरुवार, शनिवार.

विट्यात विमान उतरत नाही.
ते उतरायचं कोल्हापूरला, दोन तासांवर,
तिकीट मात्र इथं निघायचं,
झेरॉक्सच्या मशीनशेजारी, पॅनकार्डाच्या गठ्ठ्यामागं,
आणि काचेवर लाल अक्षरांत : हैदराबाद थेट.
'थेट' रंगवायचे बाबासो पेंटरनं साठ रुपये जादा घेतले.
त्याची मात्रा त्यानं
विमानाच्या शेपटीसारखी उभी काढलेली.

गिऱ्हाईक सगळं गलाईवालं.
कुणाची मूस त्रिचूरला, कुणाची विजयवाड्याला,
कुणाची भट्टी पार जालंधरात.
आटणीत घट धरतात
तशी ही माणसं प्रवासातही घट धरून चालतात :
एक दिवस जायला, एक यायला,
मध्ये गाव उरेल तेवढं.

गेल्या साली भारत देवकर
दुपारी उतरला आणि तसाच ओढ्याकाठी गेला.
बापाचं तोंड बघायला मिळालं.
तिसऱ्या दिवशी दुकानात आला, काही बोलला नाही,
काउंटरवर हात ठेवून
बराच वेळ उभा राहिला.
कंपनीच्या हिशेबात ती एक सीट होती.

आता सुंद्राबाई हराळे, मुक्काम लेंगरे.
अकरा एप्रिल, सात एफ, खिडकी.
सुनेचं बाळंतपण त्रिचूरला.
पहिल्यांदाच विमान, म्हणून चारदा येऊन गेल्या :
चटणी हातात नेऊ देत्यात का?
तेल सुटलं तर?
खताच्या दुकानातल्या काट्यावर पिशवी ठेवली,
पंधरा किलो चारशे ग्रॅम भरली.
चारशे ग्रॅम कुरडया
मोजून घरी ठेवल्या.

मी म्हटलं, मावशी, रद्द झालंय.
"रद्द म्हंजे उशीर?"
न्हाई, रद्द.
"मग फुडच्या मंगळवारी?"
मंगळवारच न्हाई आता.
हसल्या. "आरं, मंगळवार कसा न्हाई?"
सीटा भरत नव्हत्या, मावशी.
"मी भरलं हुतं की पैसं."

यावर कंपनीनं उत्तर दिलेलं नाही.
मीही दिलं नाही.
पैसे सात दिवसांत पोराच्या खात्यावर येतील
एवढं सांगितलं, आणि पंखा एकनं वाढवला.

मग पर्याय काढले.
पुण्याहून पहाटेचं, बंगळूरला पाच तास बसणं,
तिथून दुसरं, पुढं टॅक्सी.
नाहीतर स्टँडाबाहेरची तीनची लक्झरी,
गलाईवाल्यांचीच, ड्रायव्हर भाळवणीचा,
दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचवते.
बाईंनी बोटावर काहीतरी मोजलं.
वाटलं, तास मोजतायत.
"त्या गाडीत वजन बघत्यात?"
न्हाई.
"लेकरा," नातवाला म्हणाल्या,
"जा, घरनं कुरडयांचा डबा घिऊन ये."

त्या गेल्या. बाळ झालं, मुलगी,
फोटो माझ्याही मोबाईलवर आला.
सात एफचं काय झालं ठाऊक नाही,
आता कुठल्या गावावरून उडत असेल,
कुणाला खिडकी देत असेल.

बाबासो ब्लेड घेऊन आला परवा.
'हैदराबाद' खरवडून काढलं.
'थेट'चे वेगळे पैसे मागायला लागला,
मी म्हटलं, राहू दे.

लोक विचारतात, थेट कुठं?
मी तीनच्या गाडीकडं बोट दाखवतो.
चार वाजता ऊन काचेतून आत येतं,
शब्दाची सावली बाकड्यावर पडते,
जिथं मावशी बसल्या होत्या तिथंच.
मात्रा तेवढी बाकड्यात मावत नाही,
फरशीवर उतरते.