वर माती टाकू नये

पाकीट हॉलंडचं. आत चिमूटभर धूळ.
सजीवन म्हणाला, ही धूळ नाही, सहा हजार झाडं आहेत,
शिंकू नकोस.

वफ्राच्या या नर्सरीत माझं सातवं वर्ष.
पेटुनिया, झेंडू, खजुराची पिल्लं,
सगळ्यांना मी मातीत पुरलं, वरून थोपटलं,
जशी आई कुळीथ टाकून
पायानेच माती सारायची, मागे न बघता.

यॅरोला ते चालत नाही.
त्याला फुटायच्या आधीच उजेड लागतो.
बी बारीक वाळूत मिसळायचं,
भाकरीवर तीळ लावतात तसं ट्रेवर भुरभुरायचं,
फळीने दाबायचं,
आणि संपलं. वर माती टाकायची नाही.
हात मात्र सवयीचा, बादलीकडे निघाला.
मी तो दुसऱ्या हाताने धरला.

ऑक्टोबर. बाहेर अजून अडतीस.
बी एसीच्या खोलीत, आम्ही पत्र्याखाली.
मोनिरुल म्हणतो, पुढच्या जन्मी बी व्हायचं.
अकराव्या दिवशी ट्रेवर बुरशी आली.
शिव्या घालत चष्मा लावला.
बुरशी नव्हती.

रात्री फोन. "यंदा काय लावलंय?"
"यॅरो."
"कुणाला यारो म्हणताय?"
फोटो पाठवला. बडीशेपेसारखं पान,
नाही, गाजरासारखं. गाजरही नाही,
म्हणे शेवंतीच्या कुळातलं.
"मराठीत काय म्हणतात?"
मला कुठे ठाऊक.
मग ती लाइट बिलाचं बोलू लागली.

लाड केले की हे बिघडतं.
खत जास्त झालं तर उंच वाढून आडवं पडतं,
श्रीमंताच्या पोरासारखं. (हे मालकांच्या देखत बोलू नये.)
पाणीही हात आखडून.
थंडीत वाळवंटाचा वारा रात्रभर वाजायचा
आणि ते जमिनीला चिकटून
पसरत राहायचं, कुणाला न विचारता.

मार्चमध्ये छत्र्या उघडल्या. लाल,
उन्हात विटून विटकरी, मग जुन्या शाईचा रंग.
इथे घाई नडते. परागाची पिवळी पूड दिसेपर्यंत
सुरी खिशात ठेवायची.
कोवळं कापलं तर बादलीतच मान टाकतं.
पहिले चाळीस दांडे माझ्यामुळे गेले.
सालमियातल्या त्या हॉटेलातलं लग्न
कार्नेशनवर भागलं.
मालक मिशअल काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं होतं.

त्याच आठवड्यात त्यांची आई आली, काठी टेकत.
फुलांकडे बघितलंच नाही.
एक पान खुडलं, बोटांत चुरडलं,
नाकाशी नेलं.
"कैसूम."
सजीवनने समजावलं: वादीत उगवायचं,
वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, तुझी वाडी नव्हे.
ते पिवळं असतं, झुडपासारखं.
पोट दुखलं की उकळून पाजायचे,
इतकं कडू की पोर दुखणं विसरायचं.
"मग हा त्याचा मावसभाऊ," मी म्हणालो.
सजीवनने हे अरबीत कसं सांगितलं कोण जाणे,
बाई मोठ्याने हसल्या. सात वर्षांत पहिल्यांदा
माझ्याकडे बघून.
चुरडलेलं पान माझ्या तळहातावर ठेवलं.
ओवा, थोडा कापूर, आणि खाली काहीतरी
ज्याला मला शब्द नाही.

एक कुंडी त्यांच्या दारात नेऊन दिली.

मे महिन्यात वाफे करपले. ठरलेलंच होतं,
या उन्हात त्याला दुसरं वर्ष नाही.
आम्ही उपटलं, ट्रे धुतले, उपडे घातले.

जूनच्या शेवटी पाइप दुरुस्त करायला
बंगल्यामागे गेलो. एकोणपन्नास डिग्री.
कुंडी कुणीतरी सरकवून
एसीच्या नळीखाली ठेवलेली.
टप. बराच वेळ काही नाही. टप.
मधोमध बोटभर हिरवं.
फूल नाही, दांडा नाही.
बाजूला काठी टेकल्याच्या खुणा, वाळूत, बऱ्याच.

मी पाना हातात घेऊन उभा राहिलो,
पुढचा थेंब पडेपर्यंत.